अमेरिकेतील नेपाळी आणि क्री समाज: आर्थिक स्थितीची तुलना कोणत्या निकषांवर करावी?

वर्धाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवतो. उत्पन्नातील विषमता हा घटक शिकवताना अमेरिकेचे उदाहरण घेतले, की चर्चा गोरे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो या मोठ्या गटांपाशीच थांबते, असा माझा अनुभव आहे. यंदा दोन लहान समाज शेजारी ठेवून पाहावेत असे मनात आहे. पहिला नेपाळी समाज, जो मुख्यतः गेल्या तीस वर्षांत तेथे जाऊन स्थिरावला. दुसरा क्री समाज, जो उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एक असून बहुसंख्येने कॅनडात राहतो, पण ज्याची एक शाखा अमेरिकेच्या मोंटाना राज्यात आहे.

प्यू संशोधन केंद्राच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये अमेरिकेतील नेपाळी कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) ५५,००० डॉलर होते. त्याच वर्षी सर्व आशियाई कुटुंबांचे मध्यक उत्पन्न ८५,८०० डॉलर, तर भारतीय कुटुंबांचे १,१९,००० डॉलर होते. जनगणना विभागाच्या पाहणीत संपूर्ण देशाचा आकडा ६५,७०० डॉलरच्या आसपास आणि मूळ अमेरिकी जमातींचा एकत्रित आकडा ४५,००० डॉलरच्या आसपास दिसतो. म्हणजे नेपाळी कुटुंबे देशाच्या मध्यकाच्या खाली आहेत, परंतु मूळ रहिवाशांच्या बरीच वर आहेत.

आता विद्यार्थी साहजिकच विचारतील, की काल-परवा आलेला समाज शतकानुशतके तेथेच राहणाऱ्या समाजाच्या पुढे कसा गेला. हे आकडे जसेच्या तसे वर्गात मांडणे योग्य ठरेल का, आणि नसेल तर कोणती पथ्ये पाळावीत, याविषयी जाणकारांनी, विशेषतः तेथे राहणाऱ्यांनी, लिहावे अशी विनंती आहे.

हायलाइन यांचा प्रतिसाद

मी काही वर्षांपासून मोंटानातील ग्रेट फॉल्स येथे राहतो आणि कामानिमित्त उत्तरेला हॅवर या गावाकडे माझे जाणे-येणे असते. त्यामुळे क्री लोकांविषयी लिहितो. नेपाळी समाजाविषयी इतरांनी लिहावे.

पहिली अडचण 'क्री' म्हणून कोणाला मोजले आहे ही आहे. २०१० च्या जनगणनेत केवळ क्री अशी नोंद करणारे सुमारे २,२०० लोक होते, आणि अन्य जमाती किंवा वंश जोडून क्री लिहिणारे धरले तर ही संख्या ८,००० च्या जवळ जाते. याउलट मोंटानातील रॉकी बॉय या राखीव प्रदेशात राहणाऱ्या, क्री आणि चिपेवा या दोन मूळ समाजांच्या मिळून बनलेल्या चिपेवा-क्री जमातीच्या स्वतःच्या सदस्य नोंदवहीत सहा हजारांहून अधिक नावे आहेत. यावरूनच लक्षात येईल, की जनगणनेतील क्री हा रकाना आणि रॉकी बॉय येथील जमात या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १७९४ च्या 'जे करार' नावाच्या करारातून पुढे आलेल्या कायद्यामुळे कॅनडात जन्मलेल्या मूळ रहिवाशांना, किमान निम्मा वंश मूळ रहिवाशांचा असल्यास, अमेरिकेत व्हिसाशिवाय राहता आणि काम करता येते. एखाद्या मोठ्या शहरात नोकरी करणारी अल्बर्टातील क्री परिचारिका आणि रॉकी बॉयच्या डोंगरात राहणारी आजी या दोघींची सरासरी काढून हाती काय लागणार? दुसऱ्या बाजूला नॉर्थ डाकोटातील टर्टल माउंटन आणि मोंटानातील लिटल शेल या जमातींमध्ये क्री रक्त आणि क्री भाषेचा वारसा भरपूर आहे, पण त्यांची नोंद चिपेवा म्हणून होते.

आर्थिक स्थिती समजण्यासाठी मात्र रॉकी बॉयचाच इतिहास पाहावा लागतो. कॅनडात १८८५ चा उठाव मोडून काढला गेल्यावर बिग बेअर या क्री नेत्याचा मुलगा लिटल बेअर आपल्या माणसांसह सीमा ओलांडून मोंटानात आला. अमेरिकेच्या दृष्टीने ही मंडळी 'कॅनडाचे इंडियन' होती, म्हणजे ना नागरिक, ना मान्यताप्राप्त जमात. १८९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांना हद्दपार करण्यासाठी ५,००० डॉलर मंजूर केले आणि लष्कराच्या दहाव्या घोडदळाने त्यांना गोळा करून सीमेपलीकडे पोहोचवले. या मोहिमेवरचा अधिकारी जॉन पर्शिंग पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा सेनापती झाला. हद्दपार झालेल्यांपैकी बरेच जण लवकरच परत आले, कारण त्यांची सोयरीक, शिकारीच्या वाटा आणि मजुरीची ठिकाणे सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. पुढची दोन दशके त्यांनी हॅवर, हेलेना, ब्यूट, ग्रेट फॉल्स अशा गावांच्या कडेला, कत्तलखान्यांच्या आणि कचराकुंड्यांच्या आसऱ्याने काढली. अखेर ७ सप्टेंबर १९१६ रोजी कायदा होऊन, लष्कराने सोडलेल्या फोर्ट असिनिबॉइनच्या जागेतील सुमारे ५५,००० एकर जमीन या क्री लोकांना आणि रॉकी बॉय या नेत्याच्या चिपेवा लोकांना मिळून देण्यात आली. पुढे भर पडून आज हे क्षेत्र सुमारे १,२२,००० एकर आहे. तरीही मोंटानातील राखीव प्रदेशांत ते सर्वांत लहान आहे. बेअर पॉ डोंगराचा हा भाग दिसायला फार सुंदर आहे आणि तेथे स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे बर्फावरील घसरगुंडीचे एक छोटे मैदानही आहे. पण हिवाळा लांब, पाऊस कमी आणि सपाट जमीन थोडी, असा हा मुलूख असल्याने एवढ्या माणसांचे पोट शेतीवर भरणे कधीच शक्य नव्हते.

दुसरा मुद्दा मालकीचा. अनेक जमातींची जमीन १८८७ च्या डॉव्ज कायद्याखाली व्यक्तींमध्ये वाटली गेली, आणि त्यातील मोठा भाग पुढे गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेला. रॉकी बॉयची जमीन कधीच अशी वाटली गेली नाही. ती संपूर्ण जमातीसाठी संघराज्य सरकारच्या विश्वस्त मालकीत आहे आणि सदस्याला घर किंवा कुरण यासाठी जागा नेमून दिली जाते. यामुळे जमीन टिकली, हे मोठेच काम झाले. पण त्याच कारणाने ती जमीन नेहमीच्या पद्धतीने गहाण ठेवता येत नाही, आणि गहाण नसेल तर बँक कर्ज देत नाही. १९९२ पासून संघराज्य सरकार अशा गृहकर्जांना हमी देते, तरीही जागेचा भाडेपट्टा, जमातीची संमती आणि इंडियन व्यवहार विभागाकडून मालकीचा दाखला एवढे सगळे जुळून येईपर्यंत बराच काळ जातो. म्हणून बहुतेक घरे जमातीच्या गृहनिर्माण विभागाने बांधलेली असतात. बाजारभाव वाढल्याने घरमालकाची संपत्ती आपोआप वाढते, हे सामान्य अमेरिकी कुटुंबाच्या बाबतीत घडणारे गणित येथे लागूच पडत नाही. वार्षिक उत्पन्नाच्या तक्त्यात ही गोष्ट कोठेही दिसत नाही आणि माझ्या मते खरे अंतर तेथेच आहे.

रोजगार मुख्यतः सार्वजनिक आहे: जमातीचे प्रशासन, शाळा, आरोग्य केंद्र, गृहनिर्माण विभाग आणि १९८४ मध्ये स्थापन झालेले स्टोन चाइल्ड महाविद्यालय. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्प अडकून सरकारी कामकाज बंद पडले, की त्याची झळ येथे थेट पगारापर्यंत पोहोचते. कॅसिनो आहे, पण 'जमात म्हणजे कॅसिनोचा पैसा' हा समज येथे टिकत नाही. मोंटानात कोणत्याही साध्या दारूच्या गुत्त्यातही जुगाराची यंत्रे कायदेशीर आहेत आणि जवळचे हॅवर हे गावच लहान आहे. मग कॅसिनोला गिऱ्हाईक येणार कोठून? उत्पन्नाचा दुसरा मार्ग म्हणून जमातीने २०११ मध्ये प्लेन ग्रीन ही ऑनलाइन कर्ज देणारी कंपनी काढली. तिचे व्याजदर वार्षिक ३०० टक्क्यांच्याही वर जात, नफ्याचा मोठा वाटा बाहेरच्या भागीदारांकडे जाई, आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या अधिकाऱ्यांविरुद्धचा कर्जदारांचा दावा चालू राहू दिला. उद्योगाला जागा आणि भांडवल नसलेल्या समाजाकडे विकण्याजोगी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे राज्याच्या कायद्यापासून असलेली सार्वभौम सूट. ती त्यांनी भाड्याने दिली. मला हे समर्थनीय वाटत नाही, पण ते अनाकलनीयही नाही.

ट्रिनिटीकाठ यांचा प्रतिसाद

हायलाइन यांनी क्री शब्दामागचे थर उलगडले, तसेच नेपाळी शब्दामागचेही उलगडावे लागतात. मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ अर्व्हिंग येथे राहते. आमच्या भागात, शेजारच्या युलेसमध्ये आणि एकूणच डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात नेपाळी वस्ती मोठी आहे. गणपती आणि दसरा-दसैंच्या निमित्ताने आमची एकमेकांकडे ये-जा असते, त्यामुळे पुढील निरीक्षणांत ऐकीव माहितीचाही भाग आहे.

जनगणनेत केवळ नेपाळी म्हणून नोंद झालेले लोक २०१० मध्ये सुमारे ५२,००० होते आणि २०२० मध्ये २,०५,००० च्या वर गेले. दहा वर्षांत जवळपास चौपट झालेल्या समाजाची सरासरी काढताना, त्यातील बहुतेक जण नुकतेच आले आहेत हे विसरता कामा नये. त्यांचे येण्याचे मार्गही निरनिराळे आहेत. विद्यार्थी म्हणून येऊन संगणक किंवा परिचर्या क्षेत्रात नोकरी धरणारे, हा एक गट. 'डीव्ही पऱ्यो', म्हणजे व्हिसाची सोडत लागली म्हणून कुटुंबासह येणारे, हा दुसरा. ही सोडत १९९० च्या कायद्याने सुरू झाली आणि तिचा लाभ घेणाऱ्या देशांत नेपाळ सातत्याने वरच्या क्रमांकांत राहिला आहे. सोडत म्हटले, की कोणाचेही नशीब उघडते असे वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी बारावीपर्यंतचे शिक्षण किंवा ठरावीक कामाचा अनुभव लागतो, आणि नंतर शुल्क, वैद्यकीय तपासणी, विमानभाडे, पहिल्या काही महिन्यांचा खर्च हे सगळे स्वतः उभे करावे लागते. डोटी किंवा हुम्ला जिल्ह्यातील भूमिहीन मजूर त्यातून सहसा येत नाही. काठमांडू, चितवन, पोखरा येथील शिकलेली, थोडीफार जमीन विकू शकणारी कुटुंबे येतात. म्हणजे आपण अमेरिकेत जो नेपाळी समाज मोजतो, तो आधीच चाळणीतून गेलेला असतो. रॉकी बॉयच्या बाबतीत अशी चाळणी नाही. तेथे जो जन्मला तो मोजला जातो.

तिसरा गट या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भूतानमधील नेपाळीभाषक लोत्साम्पा लोकांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाबाहेर काढण्यात आले. पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरङ जिल्ह्यांतील छावण्यांत त्यांनी सतरा-अठरा वर्षे काढली. २००७ पासून आठ देशांत त्यांचे पुनर्वसन सुरू झाले आणि एक लाखाहून अधिक निर्वासितांपैकी सुमारे ९६,००० अमेरिकेत आले. ओहायोतील कोलंबस आणि ॲक्रन, पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग, हॅरिसबर्ग, इरी येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. जनगणनेच्या अर्जावर यांतील कोणी भूतानी लिहितो, कोणी नेपाळी. त्यांना येताना हातात काही नव्हते, उलट विमानभाड्याचे बिनव्याजी कर्ज डोक्यावर होते, जे येथे आल्यावर काही महिन्यांतच फेडायला सुरुवात करावी लागते. गोदामे, मांस प्रक्रिया, हॉटेलांतील साफसफाई येथपासून त्यांनी सुरुवात केली आणि आज त्यांच्यातील अनेकांनी ॲक्रनच्या नॉर्थ हिलसारख्या ओस पडत चाललेल्या वस्त्यांत घरे घेतली, दुकाने उघडली. ती घरे त्यांना परवडली, याचे एक कारण असे, की पोलाद आणि रबर उद्योग बसल्यामुळे त्या शहरांतील किमती खाली आल्या होत्या. येथे मला दोन समाजांतील खरा फरक दिसतो. निर्वासिताने घेतलेले स्वस्त घर तारण ठेवता येते, वाढीव किमतीला विकता येते आणि त्या पैशातून मुलाच्या महाविद्यालयाचा खर्च निघू शकतो. हायलाइन यांनी वर्णन केलेल्या घराला हे काहीच शक्य नाही.

कुटुंबाचे उत्पन्न या मापाविषयीही सावध राहावे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्स किंवा वुडसाइड येथे, एकाच घरात नवरा टॅक्सी चालवतो, बायको नखे रंगवण्याच्या सलूनमध्ये काम करते, दीर दुकानात असतो आणि सासू कोणाचे तरी मूल सांभाळते. चौघांची कमाई मिळून जो आकडा होतो, तो दोन माणसांच्या घराच्या आकड्याशेजारी ठेवणे दिशाभूल करणारे आहे. आमच्या टेक्सासमध्ये पेट्रोल पंप आणि त्याला जोडलेले किराणा दुकान हा नेपाळी लोकांचा आवडता व्यवसाय आहे. ते भांडवल बऱ्याचदा ढुकुटीतून, म्हणजे आपल्या भिशीसारख्या आपापसांतील फिरत्या बचतीतून उभे राहते, आणि पहिली काही वर्षे घरातील माणसे वेतनाशिवाय गल्ल्यावर बसतात. वेतनाशिवायचे ते श्रम कोणत्या रकान्यात धरणार?

त्यातून गावी जाणारा पैसा वेगळाच. नेपाळच्या सकल उत्पादनाच्या सुमारे एक चतुर्थांश रक्कम परदेशांतून येते. आखात आणि मलेशियाबरोबर अमेरिकेचाही त्यात वाटा आहे. ५५,००० डॉलरपैकी किती डॉलर काठमांडूतील घराच्या हप्त्याला किंवा आईच्या औषधांना गेले, हे मध्यक उत्पन्न सांगत नाही.

सडेतोड यांचा प्रतिसाद

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मला हा खल थोडा गरजेपेक्षा जास्त वाटतो. एक समाज रिकाम्या हाताने येतो, सोळा तास राबतो आणि वर येतो. दुसऱ्याला सरकार जमीन, घर, औषधोपचार आणि दरमहा पैसे देते, करही माफ करते, तरी तो आहे तेथेच राहतो. वृत्तीचा हा फरक विद्यार्थ्यांना सांगितला, तर त्यात गैर काय आहे? सगळे दोष इतिहासावर ढकलण्याची आपल्याकडे सवय झाली आहे.

कलमनवीस यांचा प्रतिसाद

सडेतोड यांनी जे लिहिले ते अमेरिकेतही पुष्कळ लोक मनापासून मानतात, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

करमाफीचे विधान बहुतांशी चुकीचे आहे. जमातीचे सदस्य संघराज्याचा प्राप्तिकर इतरांप्रमाणेच भरतात. राज्याचा प्राप्तिकर तेवढा, स्वतःच्या जमातीच्या राखीव प्रदेशात राहून तेथेच मिळवलेल्या उत्पन्नावर, लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हे स्पष्ट केले. मोंटानातील एखादा क्री तरुण ग्रेट फॉल्सला नोकरी करू लागला, की तो शेजाऱ्याइतकाच राज्याचा करही भरतो. दरमहा पैसे हाही असाच समज आहे. काही श्रीमंत कॅसिनो असलेल्या जमाती नफा वाटतात. रॉकी बॉयच्या कॅसिनोला असा नफा होत नाही, हे वर आलेच आहे.

औषधोपचाराविषयी एक तपशील येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ रहिवाशांसाठीची सरकारी इंडियन आरोग्य सेवा हा विमा नाही. ठरावीक निधीत जेवढे बसेल तेवढे उपचार ती देते आणि बाहेरच्या रुग्णालयातील महागड्या उपचारांसाठी निधी संपला, की रुग्णाला थांबावे लागते. म्हणूनच जनगणना विभाग केवळ या सेवेवर अवलंबून असलेल्या माणसाची नोंद विमा नसलेला अशी करतो. निर्वासित म्हणून आलेल्या नेपाळीभाषकाला सुरुवातीचे काही महिने सरकारी वैद्यकीय मदत मिळत असे, आणि उत्पन्न कमी असल्यास राज्याच्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेतही जाता येत असे. सरकारी मदत घेणारा एकच समाज आहे, हे चित्रच मुळात खरे नाही. माझ्या मते निर्वासितांना ती मदत मिळाली म्हणूनच ते दोन वर्षांत उभे राहिले, आणि त्यात कमीपणाचे काही नाही.

जमीन 'दिली' या शब्दालाही माझी हरकत आहे. अमेरिकेने १८७१ मध्ये जमातींशी करार करणेच बंद केले. १९१६ चा राखीव प्रदेश हा कराराचा नव्हे, एका साध्या कायद्याचा परिणाम होता आणि तो लष्कराला नको असलेल्या जागेतून कापला गेला. पाण्यावरचा हक्कही १९९९ च्या समझोत्यापर्यंत निश्चित झाला नव्हता. त्या समझोत्याने टायबर जलाशयातील वर्षाला १०,००० एकर-फूट (एक एकरावर एक फूट उंच साठेल तेवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी जमातीच्या नावे केले, आणि ते आणण्यासाठीच्या जलवाहिनीला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. पण एवढ्या लांबवरून वाहिनी टाकण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. पाण्याची खात्री नसलेल्या ठिकाणी कोणता उद्योग येईल?

महाराष्ट्रातील वाचकांना विश्वस्त मालकीचा पेच परका वाटू नये. आपल्या जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ देत नाही. ते कलम नसते तर पालघर, नंदुरबारमध्ये काय उरले असते, हे सांगायला नको. त्याच कलमामुळे आदिवासी शेतकऱ्याला जमिनीवर मोठे कर्ज काढणे अवघड जाते, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. संरक्षण आणि पतपुरवठा यांतील हा ताण दोन्हीकडे खरा आहे. मोंटानातील फरक इतकाच, की तेथे व्यक्तीच्या नावे सातबाराच नाही.

राहिला वृत्तीचा प्रश्न. जो क्री तरुण शिकून बिलिंग्ज किंवा सिअ‍ॅटलला जातो, तो रॉकी बॉयच्या आकड्यांतून बाहेर पडतो. जो नेपाळी तरुण शिकून बाहेर पडतो, तो अमेरिकेतील नेपाळींच्या आकड्यांत येऊन दाखल होतो. एका तक्त्यात निघून गेलेले नाहीत आणि दुसऱ्यात केवळ निघून आलेलेच आहेत. नेपाळमधील बझांगमध्ये मागे राहिलेल्या भावाला त्या तक्त्यात घातले, तर वृत्तीविषयीचे हे अनुमान किती टिकेल?

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. कलमनवीस यांचा शेवटचा मुद्दा मी वर्गात घेणारच आहे. दोन शंका उरतात. क्री लोकांची अडचण कडक हवामान आणि अंतर यांची आहे, की मान्यता आणि करार यांची? कॅनडातील क्री तर आणखी उत्तरेला राहतात. दुसरे असे, की हद्दपारीचा इतिहास दोन्हीकडे दिसतो. त्याचे आर्थिक परिणाम आजही मोजता येतात का?

हायलाइन

पहिल्या शंकेचे उत्तर क्वेबेकमध्ये सापडते. जेम्स उपसागराच्या पूर्वेकडील क्री लोकांच्या प्रदेशात क्वेबेक सरकारने प्रचंड जलविद्युत प्रकल्प सुरू केला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि त्यातून १९७५ चा करार झाला. क्री आणि त्यांच्या उत्तरेकडील इन्युइट या मूळ रहिवाशांना मिळून २२.५ कोटी कॅनेडियन डॉलर मिळाले. शिवाय जंगलात राहून शिकार आणि सापळे यांवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी नियमित उत्पन्नाची योजना सुरू झाली, जी आजही चालू आहे. १९८२ मध्ये त्यांनी एअर क्रीबेक ही विमान कंपनी काढली. २००२ मध्ये क्वेबेकशी आणखी एक करार होऊन ५० वर्षांत मिळून सुमारे ३.५ अब्ज डॉलर देण्याचे ठरले. त्या प्रदेशाचा हिवाळा मोंटानापेक्षा कडक आहे आणि अंतरेही मोठी आहेत. तेथेही घरांची टंचाई आणि मधुमेहासारखे प्रश्न आहेतच, पण नद्यांवर दुसऱ्याला हक्क हवा होता आणि तो सोडण्याची किंमत क्री लोकांना मागता आली. रॉकी बॉयच्या लोकांकडे १९१६ मध्ये मागण्यासारखे काहीच नव्हते. त्यांची मागणी केवळ राहू द्या एवढीच होती.

ट्रिनिटीकाठ

दुसऱ्या शंकेविषयी. नेपाळी समाजात कायदेशीर दर्जाची अनिश्चितता आजही थेट उत्पन्नावर परिणाम करते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर अमेरिकेत असलेल्या नेपाळी नागरिकांना तात्पुरता संरक्षित दर्जा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती तेथे राहण्याची आणि काम करण्याची परवानगी, मिळाला. तो रद्द करण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि दर्जा टिकला. २०२५ मध्ये पुन्हा रद्द करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा न्यायालयीन लढा सुरू झाला. एवढ्या काळात ज्याच्या कामाच्या परवान्याची मुदत दर दीड वर्षाने संपते, त्याला कोणता मालक बढती देईल आणि कोणती बँक तीस वर्षांचे कर्ज देईल? २०२५ मध्येच, गुन्ह्यांच्या जुन्या नोंदी असलेल्या काही भूतानी निर्वासितांना अमेरिकेने भूतानला पाठवले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही आणि काही जण भारतामार्गे पुन्हा नेपाळमधील त्याच छावण्यांत पोहोचले. त्या बातमीनंतर ओहायोतील माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने दुकान वाढवण्याचा बेत पुढे ढकलला. वडील नागरिक झाले आहेत, पण थोरल्या मुलाचे कागद अद्याप पूर्ण नाहीत. असे न झालेले गुंतवणुकीचे निर्णय कोणत्याच पाहणीत नोंदले जात नाहीत.

कलमनवीस

वर्गासाठी एक व्यावहारिक सूचना. क्री या वंशनोंदीचा तक्ता वापरू नका. लोकसंख्या इतकी कमी आहे, की नमुना पाहणीतील संभाव्य त्रुटीची मर्यादाच मोठी होते आणि दोन वर्षांच्या आकड्यांतील चढ-उतार बहुधा त्या मर्यादेच्या आतलाच असतो. त्याऐवजी रॉकी बॉय राखीव प्रदेश हा भौगोलिक घटक घ्या आणि पाच वर्षांच्या एकत्रित पाहणीचे आकडे त्याच्या शेजारच्या हिल आणि शूटो या काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या घटकांच्या) आकड्यांशी ताडून पाहा. नेपाळींच्या बाबतीत क्वीन्स, टॅरंट काउंटी आणि फ्रँकलिन काउंटी, म्हणजे कोलंबस, ही तीन ठिकाणे वेगवेगळी मांडा. कुटुंबाऐवजी दरडोई उत्पन्न घ्या, त्यासोबत घरातील कमावत्यांची संख्या लिहा आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण दाखवताना रॉकी बॉयच्या रकान्याखाली एक तळटीप आवर्जून द्या, की येथे घर स्वतःचे असले तरी त्याखालची जमीन स्वतःची नसते.